गेलेल्या मित्राच्या व्हॉइस नोट्स जपून ठेवायच्यात, मदत हवी आहे

शाळेपासूनचा जिवलग मित्र नुकताच गेला. आम्ही फोनवर कमी आणि व्हॉइस नोटवरच जास्त बोलायचो, त्याला टाइप करायचा भयंकर कंटाळा, त्यामुळे साधं "पोचलास का" हेही तो बोलूनच पाठवायचा, सुरुवातीला घसा खाकरून "हां, ऐक" म्हणायची सवय होती त्याला. त्याचा आवाज आता एवढाच उरलाय आणि तो मला त्याच्या मुलीसाठी नीट साठवून द्यायचाय, ती अजून खूप लहान आहे.

अडचण अशी की व्हॉट्सअ‍ॅपमधून चॅट एक्सपोर्ट केलं तर मीडियासकट फक्त शेवटचे 10,000 मेसेजच येतात, आमचं चॅट त्याहून कितीतरी मोठं आहे. अँड्रॉइडच्या व्हॉइस नोट्सच्या फोल्डरमध्ये फाइल्स आहेत पण तिथे सगळ्यांच्याच एकत्र, नावात नुसती तारीख, कोणाची ते कळतच नाही. एकेक ऐकत बसायची माझी तयारी आहे, पण मधेच त्याचं हसणं आलं की पुढे हात चालत नाही हो.

फक्त त्याच्याच नोट्स वेगळ्या काढायचा कोणाला काही मार्ग माहितीये का? आणि त्या ओपस फाइल्स (व्हॉट्सअ‍ॅप व्हॉइस नोट ज्या ऑडिओ फॉरमॅटमध्ये साठवतं तो) एमपीथ्री करून ठेवल्या तर आवाज खराब होईल का, की मूळ फाइलही सोबत ठेवू? कोणी असं केलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा, मी कॉम्प्युटरवर बऱ्यापैकी काम करू शकतो.