मदत हवी आहे: बिगारी ताईला गवंडी म्हणून कामावर घ्यायचंय, सुरुवात कुठून करू?

नमस्कार. मी नाशिकजवळ बंगले आणि रो-हाउसची छोटी कामं घेते. साइटवर पंधरा-सोळा माणसं, त्यात सहा बाया. सहाही बिगारी. वाळू चाळणं, विटा वाहणं, भिंतींवर पाणी मारणं, आणि दिवसभर डोक्यावर घमेलं.

मागच्या महिन्यात मिस्त्री दोन दिवस आला नाही. एक ताई दहा वर्षं मिस्त्रीच्या हाताखाली माल देतेय. तिने स्वतःहून दोरी बांधली आणि आतल्या भिंतीचे चार थर रचले. मी ओळंबा सोडून पाहिला, भिंत सरळ होती, सांधेही एकसारखे. कोपऱ्याला अर्धी वीट तोडताना मात्र तिचा हात अडला. तीन विटा वाया गेल्या. दहा वर्षांत तिच्या हातात कुणी थापी दिलीच नव्हती, तर येणार कुठून?

मी तिला थापीवर घ्यायचं म्हटलं तर मुकादम म्हणतो, बाकीचे मिस्त्री काम सोडून जातील. आमच्याकडे मिस्त्रीची रोजची मजुरी बिगाऱ्याच्या जवळपास दीडपट आहे, त्यामुळे मला हा प्रश्न तिच्या घरच्या चुलीचा वाटतो. समान कामाला समान मोबदल्याचा कायदा 1976 सालीच झाला. पण बाईला ते काम करूच दिलं नाही, तर तो कायदा तिच्या काय कामाचा?

दुसरी अडचण हजेरीची. मुकादम जोडीची हजेरी नवऱ्याच्या नावावर लावतो, पैसेही त्याच्याच हातात देतो. बांधकाम कामगार मंडळात नोंदणीसाठी वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. दहा वर्षं राबूनही हिच्या नावावर एक दिवस नाही. ही चूक माझ्याही वहीत झाली, या महिन्यापासून प्रत्येकीचं नाव वेगळं लिहितेय.

कुणी बायकांना गवंडीकाम शिकवलंय का? आधी बांधकाम, प्लास्टर की फरशी? आणि शिकतानाच्या दिवसांची मजुरी कशी धरली?

प्रतिसाद
ताई, फरशीपासून सुरू करा. परांचीवर चढावं लागत नाही, काम आतलं, आणि गुण्या-लेव्हलवर (काटकोन आणि सपाटी बघायच्या साधनांवर) हात लवकर बसतो. आमच्या दोघी तिथूनच पुढे प्लास्टरला गेल्या. मजुरी पहिल्या दिवसापासून बिगाऱ्याची पूर्ण द्या, कापू नका, नाहीतर घरचेच परत घमेल्यावर पाठवतात. अहमदाबादला ‘सेवा’ या कष्टकरी बायकांच्या संघटनेने बायकांना गवंडीकाम, फरशी, रंगकाम शिकवलंय, त्यांच्याशी बोलून बघा. 90 दिवसांचा दाखला ठेकेदार म्हणून तुम्हीच देऊ शकता.
एक विचारतो, लहान मुलं कुठे असतात? बांधकाम कामगारांच्या 1996 च्या कायद्यात पाळणाघराची सक्ती 50 हून जास्त बाया असतील तिथेच होती, छोट्या साइटवर आपणच बघावं लागतं.

धागाकर्ती
खूप आभार. ताईचं दोन वर्षांचं पोर वाळूच्या ढिगाजवळ साडीच्या झोळीत असतं. एक खोली स्लॅबसकट तयार आहे, ती मुलांसाठी मोकळी करते आणि बायांमधल्याच एकीला पूर्ण हजेरीवर तिथे बसवते. बाथरूमची फरशी सोमवारी सुरू होतेय, ताईला तिथेच लावते. बाथरूमचा उतार शिकवायची सोपी पद्धत कुणाकडे असेल तर रविवारपर्यंत सांगा.