मदत हवी आहे: काळ, काम, वेगाची गणिते पर्यायांवरून सोडवताना

नमस्कार. मी कोल्हापुरात राहून राज्यसेवा पूर्वपरीक्षेची तयारी करीत आहे. दुसऱ्या पेपरला 120 मिनिटांत 80 प्रश्न असल्याने काळ, काम, वेगाच्या उदाहरणांत पर्याय वगळण्याची पद्धत मी वापरू लागलो आहे. अ एक काम 12 दिवसांत आणि ब 18 दिवसांत करीत असेल, तर दोघांना मिळून लागणारे दिवस 12 आणि 18 यांच्या निम्म्यांच्या, म्हणजे 6 आणि 9 यांच्या दरम्यानच असतात. त्यामुळे बहुतेक वेळा चारपैकी एकच पर्याय उरतो आणि लसावि 36 धरून 7⅕ दिवस हे उत्तर पडताळणेही सोपे जाते.

अडचण पुढे येते. एक नळ टाकी 12 तासांत भरतो आणि दुसरा 18 तासांत रिकामी करतो, अशा उदाहरणात घाईत मी हीच मर्यादा लावली, आणि उत्तर मात्र 36 तास होते. तसेच कोल्हापूरहून सांगलीला ताशी 40 किमी वेगाने जाऊन ताशी 60 किमी वेगाने परतल्यास सरासरी 48 येते, पण अंतराऐवजी वेळ समान असेल तर ती 50 होते. हा फरक लांबलचक शब्दरचनेत माझ्या नजरेतून वारंवार सुटतो. सूत्र मला पाठ आहे, ते कोठे लावू नये हेच उमगत नाही, आणि याची मला खरोखर काळजी वाटते.

उदाहरण वाचताना प्रथम काय तपासावे, आणि मधेच एखादा मजूर काम सोडून जातो तेव्हा पर्यायांवरून उलट पडताळणी कशी करावी, हे अनुभवी मंडळींनी एखाद्या सोडवलेल्या उदाहरणासह कृपया सांगावे.