मेणबत्तीवर मिसळीसारखी तर्री आलीय. सुगंधी तेल मोजायचं कसं?

मोगरावेल
नमस्कार मंडळी. या दिवाळीत जवळच्या बारा घरी फराळाच्या डब्यासोबत स्वतः केलेली मेणबत्ती द्यायची, असं जाहीर करून बसलेय. बोहरी आळीतून दोन किलो सोया मेण, वाती आणि मोगऱ्याचं फ्रॅग्रन्स ऑइल आणलं. इथवर सगळं छान.

पहिल्या खेपेला २०० ग्रॅम मेणात ड्रॉपरने मोजून वीस थेंब टाकले. पेटवली तर वास फक्त तापल्या मेणाचा. मग दुसऱ्या खेपेला वैतागून केकच्या मापातले दोन मोठे चमचे ओतले. सकाळी बघते तर वर थेंब थेंब तेल सुटलेलं, अगदी मिसळीवरची तर्री! पेटवल्यावर ज्योत लांबच लांब, ग्लासाच्या कडेला काजळी आणि वातीच्या टोकाला भूछत्रासारखी गाठ. घाबरून विझवली.

बाटलीवर '६ ते १० टक्के' एवढंच छापलंय. टक्के कशाचे? मिली धरायचे की ग्रॅम? घरात एक ग्रॅमच्या टप्प्याचा स्वयंपाकाचा काटा आहे, तो चालेल की दुसरा घ्यावा लागेल? कुठला घेऊ?

बारकाकाटा
ताई, आधी एक चांगलं केलंत, ती मेणबत्ती विझवली. मोठा चमचा १५ मिलीचा. दोन चमचे म्हणजे ३० मिली, म्हणजे साधारण ३० ग्रॅम. २०० ग्रॅम मेणात १५ टक्के झाले. एवढं तेल मेण धरूच शकत नाही. न धरलेलं वर येतं, वातीत शिरतं आणि तुम्ही पाहिलंत ते सगळं होतं. उलट वीस थेंब म्हणजे एक ग्रॅमसुद्धा नाही. थेंबांचा हिशेब तर सोडूनच द्या. 'वीस थेंब म्हणजे एक मिली' हे पाण्याचं गणित आहे, तेलाचे थेंब त्याहून बारीक पडतात आणि ड्रॉपर बदलला की पुन्हा बदलतात.

टक्के मेणाच्या वजनाचे. मेणही ग्रॅममध्ये, तेलही ग्रॅममध्ये. मिलीत का नाही, तर प्रत्येक तेलाचं वजन वेगळं. संत्र्याचं तेल १० मिली घेतलंत तर साडेआठ ग्रॅमच्या आसपास भरेल, लवंगेचं तेच १० मिली साडेदहा. सिरिंजने मोजाल तर वास बदलला की माप बदललं.

आता गणित. तुमच्या ग्लासात किती मावतं ते आधी काढा. रिकामा ग्लास काट्यावर ठेवून शून्य करा, जिथवर मेण हवंय तिथवर पाणी भरा. समजा १६५ ग्रॅम पाणी मावलं. मेण पाण्याहून हलकं, म्हणून ०.८८ ने गुणा, म्हणजे १४५ ग्रॅम. हे झालं मेण आणि तेल मिळून. ७ टक्के तेल घालायचं तर १४५ ला १.०७ ने भागा. मेण आलं १३५.५ ग्रॅम, आणि तेल ९.५ ग्रॅम. चार ग्लास एका वेळी करणार असाल तर ५४२ ग्रॅम मेण आणि ३८ ग्रॅम तेल. पातेल्याला थोडं चिकटतंच, तेव्हा मेण नि तेल दोन्ही त्याच प्रमाणात जरा वाढवून घ्या.

सोया असेल तर ७ ने सुरुवात करा, १० ला जाऊच नका. पॅराफिनला त्याहून कमी पुरतं.

चमचाभर
इतका खटाटोप कशाला? मी तीन वर्षं करतेय. अर्धा किलो मेणाला अडीच मोठे चमचे, संपला विषय. आजवर एकही बिघडली नाही.

बारकाकाटा
चमचाभरताई, तुमचं बरोबर जमतंय कारण तुम्ही तेच मेण, तेच तेल, तोच चमचा वापरताय. अडीच चमचे म्हणजे साडेसदतीस मिली, म्हणजे साडेसात टक्क्यांच्या आसपास. तुमचा अंदाज काट्यालाच धरून आहे, फक्त तुम्ही काटा पाहिला नाहीत. नवख्याला तो अंदाज कुठून आणायचा?

चमचाभर
हे मात्र पटलं 😄

एडिसनकर
अमेरिकेत आमच्याकडे सगळे 'एका पाउंडाला एक औंस' म्हणतात. हिशेब केलात तर सव्वासहा टक्के होतात, ठीक आहे. गोची अशी की औंस दोन असतात, वजनाचा आणि द्रवाचा. मी पहिलं वर्षभर मापाच्या कपातला द्रव औंस वापरत होतो आणि प्रत्येक वासाला वेगळा निकाल का येतो म्हणून डोकं खाजवत होतो. शेवटी काट्याचं बटण ग्रॅमवर आणून ठेवलं ते आजतागायत.

सराफकट्टा
काट्याबद्दल मी बोलतो, कारण तीन काटे जाळून झालेत (मेणबत्तीने नव्हे, नशिबाने).

एक ग्रॅमचा स्वयंपाकाचा काटा मेणासाठी उत्तम. चार ग्लासांचं ३८ ग्रॅम तेलही त्यावर चालेल, अर्धा-एक ग्रॅम इकडेतिकडे झाल्याने आभाळ कोसळत नाही. पण एकाच ग्लासाचा नमुना करताना ९.५ ग्रॅम मोजायचे तर तोच एक ग्रॅम दहा टक्क्यांचा फरक पाडतो. त्यासाठी खिशात मावणारा छोटा काटा घ्या, ०.१ ग्रॅमचा आणि ५०० ग्रॅमपर्यंत तोलणारा. ०.०१ चा घेऊ नका. पंखा चालू असला की त्याचे आकडे नाचत बसतात, आणि तो बहुधा २०० ग्रॅमच्या वर जात नाही, म्हणजे भरलेली बाटली आणि वाटी ठेवली की रडतो.

स्वस्त काट्यांची एक खोड कुणी सांगत नाही. शून्य करून त्यावर हळूहळू थेंब टाकलेत तर काट्याला वाटतं, हा आपलाच जरासा सरकलेला शून्य आहे. तो स्वतःला पुन्हा शून्य करत राहतो. तुम्ही दोन ग्रॅम टाकलेत आणि पडद्यावर ०.० च. दुसरी खोड म्हणजे मिनिटभराने आपोआप बंद होणं. ढवळायला वळलात, परत आलात, काटा झोपलेला, मघाचं वजन गायब.

दोन्हींवर माझा उपाय: बाटलीच काट्यावर ठेवायची, झाकण काढून. शून्य करायचंच नाही. वजन कागदावर लिहायचं, समजा ११२.४. तेल थेट मेणात ओतायचं, बाटली परत ठेवायची. १०२.९ आलं की साडेनऊ ग्रॅम गेले. काटा मध्ये बंद पडला तरी आकडा कागदावर आहे. आणि वाटीच नाही, तेव्हा तिच्या तळाला तेल चिकटून राहण्याचा प्रश्नही नाही. शेवटचे दोन ग्रॅम मात्र जपून, एकदा मेणात गेलेलं परत काढता येत नाही.

वाटी वापरणार असाल तर काचेची किंवा स्टीलची. पार्टीतले पातळ प्लास्टिकचे पेले काही तेलांनी चक्क विरघळतात, ओटा चिकट होतो तो वेगळाच.

वसईवाला
आमची आत्या माउंट मेरीच्या जत्रेसाठी मेणाचे हात, पाय, बाहुल्या ओतायची. सगळं पॅराफिन आणि वास शून्य. तिला हा धागा दाखवला तर म्हणेल, देवाला वास लागत नाही, तुम्हालाच लागतो.

बाकी एक शंका. मोहम्मद अली रोडवरून आणलेलं अत्तर पडून आहे, ते टाकलं तर?

बारकाकाटा
अत्तर कशात पातळ केलंय त्यावर आहे. डीपीजीमध्ये (डायप्रोपिलीन ग्लायकॉल, अत्तर पातळ करायचा द्रव) असेल तर मेणात मिसळणार नाही, तळाला जाऊन बसेल. वाटीभर गरम मेणात एक ग्रॅम टाकून ढवळून बघा. वेगळे थेंब दिसले की अत्तर मनगटालाच लावा. केकचा व्हॅनिला इसेन्सही तसाच, त्याचा पाया तेलाचा नसतो. माझ्या भाचीने तो टाकला होता, तळाला तपकिरी गोळे जमले आणि जळताना मेणबत्ती फोडणीसारखी तडतडली.

मोगरावेल
सगळ्यांचे आभार! दोन उपप्रश्न. तेलाचा फ्लॅश पॉइंट ७० अंश लिहिलाय, त्याच्या वरच्या तापमानाला घातलं तर वास उडून जातो का? आणि विकणाऱ्याने पाठवलेल्या इफ्राच्या (सुगंधी द्रव्यांच्या सुरक्षित मर्यादा ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) कागदावर मेणबत्तीपुढे चक्क १०० टक्के लिहिलंय!

बारकाकाटा
फ्लॅश पॉइंट म्हणजे ज्या तापमानाला तेलाची वाफ ज्योत लागली तर पेट घेऊ शकते ते. वास उडण्याचा आकडा तो नव्हे. सोयात तेल साधारण ८० अंशांना घालतात, गॅस बंद करून, पातेलं शेगडीवरून उतरवून, आणि दोन मिनिटं सावकाश ढवळून. थर्मामीटर हवाच. मेण नेहमी पाण्याच्या पातेल्यात ठेवून वितळवा. चुकून पेटलंच तर पाणी अजिबात नाही, झाकण टाकायचं.

इफ्राचा आकडा माणसाला अपाय होऊ नये एवढ्यापुरता असतो. मेण किती धरेल हे त्या कागदाला माहीत नसतं. मेण विकणाऱ्याने सांगितलेली कमाल आणि इफ्राची कमाल, यात जी कमी ती तुमची.

सराफकट्टा
आणि ताई, ओतल्यावर दुसऱ्या दिवशी पेटवून 'वास नाही' म्हणू नका. सोयाला आठवडा-दोन आठवडे झाकून मुरू द्या, लोणच्यासारखं. तरीही पेटवल्यावर वास कमी आला तर तेल वाढवण्याआधी आकाराने एक पायरी जाड वात लावून बघा. बारीक वातीने वरचं मेण पुरतं वितळत नाही, मग वास कुठून येणार?

मोगरावेल
सोळा दिवसांनी येतेय. ५, ७ आणि ९ टक्के असे तीन नमुने केले, ग्लासाच्या बुडाला पट्टी चिकटवून. ९ ला पुन्हा बारीक घाम आला. ५ चा वास हॉलच्या दारापर्यंत, ७ चा स्वयंपाकघरापर्यंत. सातच पक्कं केलं. बाटली काट्यावर ठेवायची युक्ती तर सोन्यासारखी, माझा काटा दोनदा मध्येच झोपला.

चमचाभर
काटा कितीला मिळाला? मीही घेते म्हणते. 🙈

मोगरावेल
साडेतीनशे. पण लपवून ठेवा. आमच्याकडे सासूबाईंनी केशर तोलायला नेलाय तो परत यायचाय, आणि मला अजून आठ ग्लास भरायचेत.