केंटकीचा २०१४-१५ चा सीझन: ३८ जिंकले, एक हरले, आणि लोक त्याला फेल म्हणतात?

रिबाउंड_राजा
परवा परत एकाने ऐकवलं की केंटकीची (अमेरिकेतल्या केंटकी युनिव्हर्सिटीची) २०१५ ची टीम म्हणजे कॉलेज बास्केटबॉलमधली सगळ्यात वाया गेलेली टीम. दहा वर्षं हेच ऐकतोय म्हणून म्हटलं इथे एकदा मांडूनच टाकू. सलग ३८ मॅचेस जिंकल्या राव त्या पोरांनी. नोव्हेंबरमध्ये कॅन्ससला ७२-४० ने हरवलं, डिसेंबरमध्ये यूसीएलएविरुद्ध हाफटाइमला स्कोर ४१-७ होता, सात! मार्चमध्ये स्वीट सिक्स्टीनला (शेवटच्या १६ टीम्सच्या फेरीत) वेस्ट व्हर्जिनियाला ७८-३९, म्हणजे बरोब्बर दुप्पट. आणि ४ एप्रिलला इंडियानापोलिसला फायनल फोरमध्ये (म्हणजे सेमीफायनलला) विस्कॉन्सिनकडून ७१-६४ ने हरले. एक मॅच. इंडियानाने १९७६ मध्ये ३२-० करून टायटल घेतलं, त्यानंतर एकाही पुरुष टीमला अख्खा सीझन न हरता टायटल जिंकता आलेलं नाही. जे पन्नास वर्षांत कुणालाच जमलं नाही ते यांनाही नाही जमलं, म्हणून फेल? मला हे मान्य नाही. माझ्या मते तो गेल्या कितीतरी वर्षांतला सगळ्यात भारी सीझन आहे, टायटल असो नसो.

झोन_डिफेन्स
दादा, मनापासून सांगतो, मला नाही पटत. आपण २०२३ चा वर्ल्ड कप विसरलो का? सलग दहा जिंकलो आणि अहमदाबादला फायनल हरलो. ते दहा विजय आज कुणी मिरवतं का? खेळाचा नियमच तो आहे की शेवटची मॅच जिंकायची, आणि तो नियम सीझन सुरू व्हायच्या आधीच सगळ्यांना माहीत असतो. विस्कॉन्सिनलाही माहीत होता.

रिबाउंड_राजा
मी मिरवतो भाऊ. तो वर्ल्ड कप आपण चांगलाच खेळलो असं मी आजही धरतो.

थ्री_पॉइंट_ताई
मुद्दा टायटल गेलं हा नाहीच मुळी, कसं गेलं हा आहे. शेवटच्या काही मिनिटांत केंटकी ६०-५६ ने पुढे होती. तिथून ६०-६४ झालं. मधल्या वेळात सलग तीन पझेशन शॉट क्लॉक (शॉट मारायला मिळणारा वेळ) संपून गेली, एक नाही, तीन. तेव्हा क्लॉक ३५ सेकंदांचं होतं (पुढच्याच सीझनला ३० केलं), म्हणजे तब्बल ३५ सेकंद हातात असून रिंगला बॉल लागला नाही! अख्ख्या देशात सगळ्यात जास्त टॅलेंट ज्या बेंचवर होतं त्या टीमला चार पॉइंटची लीड सांभाळायची म्हणून घड्याळ खेळवत बसायची काय गरज होती? ज्या टीमने सीझनभर समोरच्याला श्वास घेऊ दिला नाही ती अचानक जपून खेळायला लागली. हा निर्णय कोचचा असतो, अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांचा नाही. कोच कॅलिपारीला याचं उत्तर द्यावंच लागेल आणि माझ्या दृष्टीने ते आजतागायत मिळालेलं नाही.

गल्ली_पॉइंटगार्ड
+१ ताई. आणि मिनिटांचं पण बोला ना. डेव्हिन बुकर बेंचवरून यायचा, मॅचला साधारण २१ मिनिटं. कार्ल-अँथनी टाउन्स, जो त्याच जूनमध्ये एनबीए ड्राफ्टला (प्रो टीम्स नवीन खेळाडू निवडतात तिथे) पहिला गेला, त्यालाही २१ मिनिटं. कॉलेजची मॅच ४० मिनिटांची असते, म्हणजे आपला बेस्ट प्लेयर अर्धी मॅच बसून बघतोय. नोत्र दामविरुद्ध एलिट एटला (क्वार्टरफायनलला) टाउन्सने २५ मारले म्हणून ती मॅच ६८-६६ ने कशीबशी निघाली, अँड्र्यू हॅरिसनचे दोन फ्री थ्रो सहा सेकंद उरलेले असताना. म्हणजे त्याच्याकडे बॉल दिला की काय होतं ते एक आठवडा आधी सगळ्यांनी बघितलं होतं.

रप_अरिनाचा_शेजारी
मी तेव्हा लेक्सिंग्टनला (केंटकी युनिव्हर्सिटीच्या गावात) एमएस करत होतो म्हणून थोडं सविस्तर लिहितो. मिनिटांबद्दल जे बोलताय ना, ते तेव्हाच्या परिस्थितीतून बघा. सुरुवातीला प्लॅटून होतं, म्हणजे पाच जण आत, मग पाचच्या पाच बाहेर आणि नवीन पाच आत. डिसेंबरमध्ये अ‍ॅलेक्स पॉइथ्रेसचा एसीएल (गुडघ्याचा लिगामेंट) फाटला, तो सीझनमधून गेला, मग ते मोडून नऊ जणांचं रोटेशन झालं. पण वाटून खेळायची सवय राहिली आणि तीच त्या टीमची ताकद होती. टाउन्स, विली कॉली-स्टाइन, डकारी जॉन्सन, एकामागून एक सात फुटी माणसं, एक दमला की दुसरा ताजा, समोरच्या टीमला पेंटमध्ये (रिंगखालच्या भागात) शिरायची भीती वाटायची. ३८ मॅचेस तो डिफेन्स टिकला कारण कुणी दमायचंच नाही. आणि हे लक्षात घ्या की तेव्हा कॉलेजच्या पोरांना एनआयएलचे (स्वतःच्या नावावर जाहिरातींतून मिळणारे) पैसे वगैरे काही नव्हते, ते २०२१ नंतर. स्कॉलरशिपवर खेळणारी पोरं, प्रत्येकाला एनबीएला जायचंय, कमी मिनिटं म्हणजे कमी पॉइंट म्हणजे ड्राफ्टमध्ये खाली जायची भीती, तरी नऊ जणांनी ते मान्य केलं. आजच्या ट्रान्सफर पोर्टलच्या (सहज कॉलेज बदलायच्या) काळात अशी टीम नोव्हेंबर ते एप्रिल एकत्र राहील असं मला तरी वाटत नाही. गावात त्या वर्षी काय वातावरण होतं ते शब्दांत नाही सांगता येत. हरल्यावर कुणी पोरांना शिव्या दिलेल्या मी तरी नाही ऐकल्या, लोक नुसते गप्प होते.

झोन_डिफेन्स
शेजारी, छान लिहिलंत, पण मिनिटं वाटून घेतली हा त्याग आणि मॅच हरली हा रिझल्ट, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं ना? त्यागाला मान आहेच. बुकर ड्राफ्टला तेरावा गेला आणि आज कुठे आहे बघा. त्याला जास्त खेळवलं असतं तर टीमचाच फायदा होता.

मॅडिसन_मराठी
सगळे केंटकी कशी हरली यावरच बोलताय. विस्कॉन्सिन जिंकली हे कुणी म्हणेल का? ३५-३ वर (३५ जिंकून, ३ हरून) आलेली टीम होती ती, चिल्लर नव्हे. आदल्याच वर्षी, २०१४ च्या फायनल फोरला, याच केंटकीच्या ॲरन हॅरिसनने ५.७ सेकंद उरलेले असताना थ्री मारला आणि विस्कॉन्सिन ७४-७३ ने हरली. एका पॉइंटने. तीच पोरं वर्षभर ते मनात ठेवून परत आली. फ्रँक कमिन्स्की सीनियर (शेवटच्या वर्षाचा), त्या वर्षीचा देशातला बेस्ट प्लेयर, त्याने २० पॉइंट ११ रिबाउंड घेतले. त्या सगळ्या सात फुटी माणसांसमोर रिबाउंड ३४-२२! सॅम डेकरने १:४१ उरलेले असताना थ्री मारला तो बघा परत एकदा. अनुभव जिंकला त्या दिवशी. चार वर्षं एका कोचकडे शिकलेली पोरं आणि एक वर्षासाठी थांबलेली पोरं यांत हा फरक पडतोच.

रिबाउंड_राजा
विस्कॉन्सिनला पूर्ण क्रेडिट, रिबाउंडिंगचं तर काही बोलायलाच नको. पण दोन गोष्टी. एक, ६०-६० करणारी नायजेल हेजची बास्केट शॉट क्लॉक संपल्यावरची होती, रिप्लेमध्ये बॉल हातात दिसतो, आणि तेव्हाच्या नियमात त्या वेळी ते रिव्ह्यू करता येत नव्हतं. दोन, अनुभव जिंकतो म्हणता तर दोनच दिवसांनी काय झालं? त्याच विस्कॉन्सिनला ड्यूकने ६८-६३ ने हरवलं आणि ड्यूकची टीम कुणाची होती? ओकाफोर, विन्स्लो, टायस जोन्स, सगळे फ्रेशमन (पहिल्या वर्षाचे). जोन्स तर फायनल फोरचा मोस्ट आउटस्टँडिंग प्लेयर ठरला.

मॅडिसन_मराठी
ड्यूकचं मान्य, तिथे माझा अनुभववाला मुद्दा लंगडा पडतो. पण हेजची बास्केट धरून रडू नका, ट्रे लाइल्सचा हात जॉश गॅसरच्या तोंडावर बसला तेव्हाही शिट्टी वाजली नव्हती. रेफरी दोन्हीकडे चुकले.

थ्री_पॉइंट_ताई
रेफरी सोडा. राजा, तू परत परत ३८ म्हणतोस, पण त्यातल्या सुरुवातीच्या एसईसीच्या (केंटकीच्या लीगच्या) दोन मॅचेस आठव. ओले मिसविरुद्ध ओव्हरटाइम, ८९-८६. लगेच टेक्सस ए अँड एमविरुद्ध डबल ओव्हरटाइम, ७०-६४. जवळच्या मॅचमध्ये ऑफेन्स अडकतो हे जानेवारीतच दिसलं होतं. नोत्र दामने परत दाखवलं. तीन इशारे मिळून शेवटच्या पाच मिनिटांसाठी ठरलेला प्लॅन काय होता?

रिबाउंड_राजा
ताई, त्या तिन्ही मॅचेस ते जिंकलेत. प्लॅन नसता तर तिन्ही निघाल्या नसत्या. एका रात्री तो चालला नाही, एवढंच.

थ्री_पॉइंट_ताई
नॉकआउटमध्ये तीच एक रात्र असते रे. मी टीमला फेल म्हणतच नाहीये, शब्द नीट वाच. पोरांनी आपलं काम केलं. मी कोचला प्रश्न विचारतेय.

रप_अरिनाचा_शेजारी
यावर मात्र ताईंच्या बाजूने. ६०-५६ नंतर वेग कमी करायला नको होता, ते तेव्हाही बारमध्ये बसलेले सगळे ओरडून सांगत होते. पण सीझनला फेल म्हणणाऱ्यांच्या रांगेत मी उभा राहणार नाही. सात जण एकदम ड्राफ्टला गेले, सहा निवडले गेले, टाउन्स पहिला, कॉली-स्टाइन सहावा, लाइल्स बारावा, बुकर तेरावा.

झोन_डिफेन्स
आणि बॅनर? रपच्या (केंटकीच्या होम अरिनाच्या) छताला २०१२ च्या टायटलचा आहे, २०१५ चा नाही. मी तिथेच थांबतो.

रिबाउंड_राजा
फायनल फोरचा आहे की. पण चल, उद्या कुणाला वेळ असेल तर नोत्र दामची मॅच पूर्ण बघा आणि मग टाउन्सच्या मिनिटांवर बोलू, त्या बाबतीत गल्लीवाल्याचं म्हणणं मला खोडता येत नाहीये.