सहकारी गरोदर असताना बुडणाऱ्या कामाविषयी

प्रेषक: बाणेर, पुणे येथील सभासद

सप्रेम नमस्कार,

इंग्लंड सोडून पुण्यात परतले तरी तिथल्या मराठी मंडळाच्या यादीवर मी अजून आहे. दोन्हीकडे नोकरी केलेली माणसे इथे आहेत, म्हणून हा प्रश्न मांडत आहे.

हिंजवडीतील एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगची छोटी टीम माझ्या हाताखाली आहे. त्यातील एका मुलीला तिसरा महिना सुरू आहे. तीन महिने पूर्ण होईपर्यंत बाहेर बोलायचे नाही, या आपल्याकडच्या रीतीप्रमाणे तिने ते केवळ मला सांगितले आहे. उलट्यांचा त्रास इतका आहे की कोथरूडहून कंपनीच्या बसने निघाली, तरी अनेकदा चांदणी चौकात उतरून रिक्षाने घरी परतावे लागते. आठवड्यातील एक-दोन दिवस असे बुडतात आणि त्या दिवशी सकाळी नऊच्या आधी ते कळत नाही. तिची आजारपणाची रजा संपत आली आहे.

तिचे काम ज्या दोघांकडे जाते, त्यांना कारण ठाऊक नाही. त्यांपैकी एकाने परवा मला सरळ विचारले, "मॅडम, तिला वेगळा नियम आहे का?" त्याची तक्रार खोटी नाही, कारण तिचे राहिलेले काम उरकायला तो लागोपाठ शनिवारी ऑफिसात आला होता. दुसरीकडे एचआरने सुचवले आहे की तिला मोठ्या क्लायंटच्या कामावरून काढून काही हलके काम द्यावे. तिच्यावर आणि बाकीच्यांवरही अन्याय होणार नाही, असा मार्ग कोणी सुचवेल का?

*

प्रेषक: लंडन येथील सभासद

सप्रेम नमस्कार ताई,

इकडे येण्यापूर्वी मी भोसरीतील एका कारखान्यात कर्मचारी विभागात होते आणि इथेही तेच काम करते, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

त्या मुलाचे शनिवार गेले, याचा दोष तिच्या उलट्यांवर टाकता येणार नाही. तिचे काम त्याच्याकडे देताना त्याच्याकडचे कोणते काम कमी केले, हे आधी पाहावे. काहीच कमी झाले नसेल, तर अन्याय तिथे झाला आहे, आणि तो तिचे कारण उघड न करता दूर करता येतो. त्याला स्पष्ट सांगावे, "कोणाच्याही रजेचे कारण मी दुसऱ्याला सांगत नाही, तुमचेही सांगणार नाही, पण तुमच्या शनिवारांची बदली सुट्टी मी देते आणि सॉफ्टवेअरच्या या रिलीजमधून (क्लायंटला द्यायच्या आवृत्तीतून) काय पुढे ढकलता येईल, ते क्लायंटशी मी बोलते." हे बोलणे वरिष्ठानेच अंगावर घ्यायचे असते. ते टाळले की टीममधला राग नेमका जिला बोलता येत नाही तिच्यावर निघतो, हे मी भोसरीतही पाहिले आणि इथेही.

आपल्या रीतीमुळे एक अडचण होते. मळमळ बहुधा सहाव्या आठवड्याच्या सुमारास सुरू होते आणि बऱ्याच जणींची सोळाव्या ते विसाव्या आठवड्यापर्यंत ओसरते, म्हणजे ज्या काळात त्रास सर्वाधिक, त्याच काळात ती कोणाला सांगू शकत नाही. म्हणून पुढच्या काही आठवड्यांपुरती वेगळी आखणी करावी. सकाळच्या ठरावीक वेळेला बांधलेले काम तिच्याकडे ठेवू नये. टेस्ट केस (काय आणि कसे तपासायचे, ते) लिहिणे किंवा डिफेक्टची, म्हणजे सापडलेल्या दोषांची, छाननी घरून, दुपारीही होऊ शकते. रोज काम थांबवताना कुठपर्यंत आले, काय अडले, हे तिने सामायिक फाइलमध्ये दोन ओळींत लिहावे, आणि हा नियम सगळ्या टीमला लावावा, म्हणजे तिच्या एकटीवर पाळत ठेवल्यासारखे होणार नाही.

एचआरची सूचना मला मान्य नाही. काळजीपोटी काढून घेतलेले काम अप्रेझलच्या (कामाच्या मूल्यमापनाच्या) वेळी "जबाबदारी कमी होती" म्हणून तिच्याच विरुद्ध उभे राहते. बदल हवा की नको, हे तिला विचारावे, आणि तिने नको म्हटले, तर "पुढे झेपेल का?" असे पुन्हा पुन्हा विचारू नये. बाळंतपणाच्या रजेवर असताना नोकरीच्या अटी तिच्या तोट्याच्या होतील अशा बदलणे तर १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यानेच बेकायदा ठरवले होते, आणि नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही ते बेकायदाच आहे.

जुन्या कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने मिळालेली बाळंतपणाची २६ आठवड्यांची रजा सगळ्यांना माहीत असते, पण त्याचे कलम १० फारसे कोणी वाचले नव्हते. गर्भारपणातून उद्भवलेल्या आजारासाठी, वैद्यकीय पुरावा दिल्यास, त्या रजेखेरीज आणखी एक महिन्यापर्यंत पगारी रजा मिळते. नव्या संहितेतही ही तरतूद कायम आहे. तेव्हा आजारपणाची रजा संपली की बिनपगारी, असे एचआरने परस्पर धरू नये. इंग्लंडमध्ये गर्भारपणामुळे आलेल्या आजारपणाची नोंद इतर आजारपणापासून वेगळी ठेवावी लागते आणि ती गैरहजेरीच्या कारवाईसाठी मोजता येत नाही. पुण्यात तशी वेगळी नोंद ठेवायला तुम्हाला कोणी अडवणार नाही.

पुढच्या तपासण्यांच्या तारखा बऱ्याचशा आधी कळतात: सर्वसाधारणपणे २८ आठवड्यांपर्यंत महिन्याला, ३६ पर्यंत पंधरवड्याला, मग दर आठवड्याला. पहिले बाळंतपण माहेरी करायचे असेल, तर ती कधी निघणार, हेही तिच्या सोयीने विचारून ठेवावे. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपूर्वी जास्तीत जास्त आठ आठवडे बाळंतपणाची रजा घेता येते.

*

प्रेषक: बाणेर, पुणे येथील सभासद

मनापासून आभार. कालच तिच्याशी बोलले. क्लायंटचे काम तिला सोडायचे नाही. अकरानंतर घरून सुरुवात करता आली, तर तिला पुरेसे आहे, आणि टीमला सोनोग्राफीनंतर ती स्वतः सांगणार आहे. दोघांनाही बदली सुट्टी मंजूर केली असून रिलीजमधील एक भाग पुढच्या महिन्यात नेण्यास क्लायंट राजी झाला आहे. एचआर मात्र गर्भारपणातील आजाराच्या रजेचा अर्ज पहिल्यांदाच पाहत आहे. पुण्यात कोणी ही रजा घेतली किंवा मंजूर केली असेल, तर डॉक्टरांच्या दाखल्यात नेमके काय लिहून घेतले होते, ते कृपया कळवावे.