मदत हवी आहे: शंग पु-एर कडूजहर होतोय, नीट कसा करायचा?

गिरणाकाठ (जळगाव)
नमस्कार मंडळी. कच्च्या (शंग) पु-एरची, म्हणजे चीनच्या युन्नान प्रांतातल्या दाबलेल्या चहाची, ३५७ ग्रॅमची चकती घेतली आहे, वेष्टनावर ७५४२ आणि साल २०२२. सध्याची पद्धत: ३ ग्रॅम पत्ती, मगभर उकळतं पाणी, ३ मिनिटं झाकून. चव कडू, वर तुरट, जीभ आखडते. पाणी बोअरचं. ग्रॅमचा काटा आहे, गायवान (चहा करायचा झाकणाचा चिनी कप) नाही. पत्ती कमी करू की वेळ? चकती फोडताना निम्मा चुरा होतो, त्याचं काय? आणि मे महिन्यात ती ठेवायची कुठे? दूध-साखरेचा सल्ला कृपया नको.

सातपुडा_पायथा
दादा, वेळ कमी करा, पत्ती वाढवा. उलटं वाटेल, पण शंगचं गणित असंच आहे. भरपूर पत्ती, थोडं पाणी, काही सेकंदांत ओतून काढायचं, आणि त्याच पत्तीवर आठ-दहा पाणी घ्यायची.

गायवान नसेल तर चिनी मातीचा १०० मिलीचा कप आणि वर बशी, काम भागतं. ५ ग्रॅम पत्ती घ्या. पहिलं पाणी ५ सेकंदांत फेकून द्या. त्याने धूळ जाते आणि दाबलेली पानं सुटायला लागतात. मग ५, ५, ८, १२, १८, २५ सेकंद, पुढे चवीप्रमाणे वाढवत न्या. ओतायलाच चार-पाच सेकंद जातात, तेही वेळेत धरा. कप शेवटच्या थेंबापर्यंत रिकामा करा. तळाला दोन चमचे पाणी राहिलं तर ते मुरत बसतं आणि पुढचं पाणी कडू निघतं. नवख्यांचं निम्मं कडूपण इथूनच येतं.

पुढे गायवान घेतलंत तर पाणी काठाच्या बाहेर वळलेल्या भागाच्या खालीच थांबवा. बोटं त्याच कडेला धरायची असतात, वरपर्यंत भरलं की भाजलीच.

चुऱ्याचं: सुरी वरून खुपसू नका. मागच्या खळग्यापासून किंवा कडेने टोक आडवं सरकवा, थोडं वर उचला, थर सुटला की पुढे जा. दुसरा हात टोकाच्या रेषेत नको. तुटलेल्या पानातून कडूपण भराभर उतरतं, म्हणून चुरा वेगळा काढा. तो मगात २ ग्रॅमला २५० मिली, दीड मिनिट.

खापर_आणि_मांडे
७५४२ मधलं ७५ म्हणजे १९७५ साली ठरलेलं मिश्रण, ४ ही पानाची प्रत आणि २ म्हणजे मेंगहाई कारखाना. चकतीचं साल वेगळं, ते तुमचं २०२२. ही चकती लोक मुळात वर्षानुवर्षं ठेवायला घेतात, कोवळी असताना ती दणकाच देते. मऊ, मधाळ चव हवी असेल तर पुढच्या वेळी युन्नानमधल्या यीवू भागाकडची बघा. तिथल्याच बुलांग डोंगराकडची मात्र कडू, इतक्यात नको.

पाण्याच्या उष्णतेबद्दल एक गोष्ट कुणी सांगत नाही. युन्नानची राजधानी कुनमिंग साधारण १९०० मीटर उंचीवर, तिथे पाणी ९४ अंशांच्या आसपासच उकळतं. जळगाव २०० मीटरवर, आपली उकळी ९९ च्या पुढे. तेव्हा किटली बंद झाल्यावर झाकण उघडून मिनिट-दोन मिनिटं थांबा, ९० ते ९४ पुरे.

सातपुडा_पायथा
रोजच्या पिण्याला मान्य. पण चकती पारखायची असेल तर उकळतंच वापरा, हात फक्त चपळ ठेवा. गार पाण्यात वाईट पत्तीही सोज्वळ वाटते.

गिरणाकाठ (जळगाव)
आज ५ ग्रॅम, ५ सेकंद करून पाहिलं. खूपच फरक! पण रंग काळपट आणि वर तवंग येतोय.

पूर्वेचा_वारा (भुसावळ)
ते बोअरचं पाणी, भो. जड पाण्यातलं कॅल्शियम चहातल्या द्रव्यांशी जुळून तो तवंग धरतं, वास मरतो, चव सपाट होते. नुसतं आरओचंही नको, त्यात चहा पोकळ आणि टोचरा लागतो. तीन भाग आरओ, एक भाग नळाचं, टीडीएस मीटरवर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) ८० ते १५० च्या दरम्यान आणा. कोवळ्या शंगचा रंग फिकट पिवळा ते सोनेरी दिसायला हवा.

चवीत कडू आणि तुरट वेगळं ओळखा. चांगल्या शंगचा कडूपणा घोट गिळल्यावर थोड्याच वेळात ओसरतो आणि घशाकडून गोडवा चढतो, आवळा खाऊन पाणी प्यायल्यासारखा. तो कडू शे, पन खराब नही. जिभेच्या कडांना खरखर चिकटून राहिली तर वेळ जास्त झाला, नाहीतर पत्तीच सुमार. धुराचा वास आला तर दचकू नका, पानं लाकडाच्या चुलीवर कढईत भाजलेली असतात. तिसऱ्या-चौथ्या पाण्यात तो विरायला हवा. आणि ठेचा, शेवभाजी किंवा भरीत खाऊन चव घ्यायला बसू नका, तोंडाला काहीच कळत नाही. उपाशीपोटीही नको, पोटात कालवतं.

खापर_आणि_मांडे
साठवणीचं राहिलं. शंगला ६० ते ७० टक्के ओलावा मानवतो. आपल्याकडे एप्रिल-मेची दुपार म्हणजे हवा कोरडीठक्क, चकती तशीच उघडी ठेवली तर वास उडतो आणि मुरणं थांबतं. एकाच चकतीसाठी जाड झिपची पिशवी आणि आत ६२ किंवा ६५ चं ओलावा राखणारं पाकीट. बुटांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी घालू नका, ती उलट वाळवते. कूलरसमोर नको, त्या वाळ्याचा वास पत्ती लगेच ओढते. काळा मसाला, अगरबत्ती, डांबराच्या गोळ्या यांच्यापासून लांब. गच्चीखालची खोलीही टाळा, मधल्या खोलीतलं खालचं कपाट बरं.

पावसाळ्यात पंधरवड्यातून एकदा उघडून वास घ्या. कुबट आला किंवा केसाळ पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर तेवढाच भाग खरवडून बाकीचा पिऊ नका, चकती टाकून द्या.

गिरणाकाठ (जळगाव)
धन्यवाद सगळ्यांना. एकच राहिलं: चार पाणी काढून उरलेली पत्ती रात्रभर ठेवून सकाळी चालेल का?

पूर्वेचा_वारा (भुसावळ)
हिवाळ्यात, झाकून, फ्रिजमध्ये चालेल. सकाळी एक उकळतं पाणी फेकून मग सुरू करा. उन्हाळ्यात नको, पत्ती आंबते.