मदत हवी आहे : मालकच नसलेल्या पेमेंट जाळ्यावर सरकार अंकुश कसा ठेवतं?
नमस्कार मंडळी. पुढच्या आठवड्यात बारावी कॉमर्सच्या मुलांशी क्रिप्टोवर बोलायचंय आणि तयारीत एका जागी अडकलोय.

भारतापुरतं चित्र स्पष्ट आहे. एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना क्रिप्टो-व्यवसायांना सेवा द्यायला मनाई केली, ४ मार्च २०२० ला सुप्रीम कोर्टाने ती रद्द केली. मग २०२२ मध्ये नफ्यावर ३० टक्के कर आणि व्यवहारावर १ टक्का टीडीएस आला. मार्च २०२३ पासून एक्स्चेंज (क्रिप्टो खरेदी-विक्रीचे मंच) मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली. म्हणजे जाळ्याला हात न लावता, रुपये जिथून आत-बाहेर होतात ती दारं धरली. मुलांना हे सहज पटेल.

घोळ आहे तो टोर्नेडो कॅशचा. पैसा कुठून आला हे झाकणारी ही इथेरियम या क्रिप्टो-जाळ्यावरची सोय. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेने तिच्यावर निर्बंध घातले. कोड चालूच राहिला. पण सर्कल कंपनीने संबंधित पत्त्यांवरचे यूएसडीसी (तिचं डॉलरशी बांधलेलं क्रिप्टो-नाणं) गोठवले आणि ब्लॉक (व्यवहारांचे गठ्ठे) जुळवणाऱ्यांपैकी काहींनी ते व्यवहार वगळायला सुरुवात केली. हे वगळणं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, कारण इथे अंकुश दाराशी नाही, थेट घरात आहे. (मार्च २०२५ मध्ये निर्बंध उठले.)

पण वगळलेला व्यवहार पुढच्या ब्लॉकमध्ये दुसरं कुणीतरी घेतंच ना? मग हा खरा अंकुश म्हणायचा की नुसता उशीर? आणि स्वतःच्या वॉलेटमधून थेट खरेदी-विक्री झाली, तर टीडीएसची पडताळणी प्रत्यक्षात कशी होते? कुणी सीए किंवा नोड (जाळ्यातला संगणक) चालवणारे असतील तर कृपया सविस्तर सांगा.